कामगारांची लदीन

रविवार, ९ मार्च २०२५

आज घड्याळं तासभर पुढे सरकली. चर्चमधून, मिस्सेहून आल्यावर घरातली सगळी घड्याळं मीच लावली, कारण माझी बायको ब्लांच मायक्रोवेव्हचं घड्याळ अंदाजाने लावते आणि मग ते नोव्हेंबरपर्यंत खोटं बोलत राहतं.

दुपारी गॅरेजातून आवाज आला. आवाज म्हणतो, संगीत म्हणत नाही. गाडी बाहेर बर्फात उभी करून आमची मेलनी, तिची नागपूरकडची मैत्रीण गुंजन आणि ड्रमवर अनिश नावाचा एक लांबलचक मुलगा, असे तिघं माझ्या कामाच्या टेबलाशेजारी उभे राहून ओरडत होते. बँडचं नाव म्हणे ‘शिफ्ट कॅन्सल’. दारात उभा राहून ऐकलं. गुंजनच्या गिटारची खालची तार उतरलेली. मेलनीचा बेस फाटक्या पत्र्यासारखा वाजत होता. तो ॲम्प्लिफायर मी स्वतः दुरुस्त केलेला आहे, म्हणजे दोष त्याचा नाही, लावणारीचा.

मी म्हणालो, “आधी तारा जुळवा.”

“डॅडी, इट्स पंक. इट्स नॉट सपोज्ड टू बी प्रिटी.”

“सुंदर नको म्हणजे बेसूर हवं, असं कुठे लिहिलंय?”

“कुठेच नाही लिहिलं. दॅट्स द पॉइंट.”

या विषयात मी अडाणी नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. शाळा दहावीला सुटली. गावी, आगाशीला, लग्नाच्या बँडचे भोंगे दुरुस्त करता करता पुढचं शिकलो. उघडलेल्या यंत्राइतका प्रामाणिक मास्तर मला दुसरा भेटला नाही. इथल्या, कॅनडातल्या, आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळाची ध्वनियंत्रणा मी आलो तेव्हापासून माझ्या हातात आहे. आजवर एकाही कार्यक्रमात माइकने शिट्टी मारलेली नाही. मेल्विनला, म्हणजे मंडळाच्या अध्यक्षाला, विचारावं.

बुधवार, १२ मार्च

जेवताना मेलनीला विचारलं, एवढं ओरडायचं ते कशाबद्दल? ती मागच्या उन्हाळ्यात कॉलेजच्या सुट्टीत वेअरहाउसमध्ये होती, तिथलंच आहे सगळं. वॉशरूमला जायचं तर सुपरवायझरकडून प्लास्टिकचा बिल्ला घ्यायचा, दोन मिनिटांत परत करायचा. उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी पहाटे फोनवर मेसेज: शिफ्ट कॅन्सल. एका गुजराती बाईंनी बिल्ला मागायला लागू नये म्हणून पाणी पिणंच सोडलं होतं, त्यांना चक्कर आली तेव्हा मालाचा बेल्ट थांबवला नाही.

ब्लांच म्हणाली, “हे तू तेव्हा का नाही सांगितलंस?”

मेलनीने माझ्याकडे पाहिलं आणि भाजी वाढून घेतली.

तिथे माणसं पुरवणारी एजन्सी ट्रेव्हरची. ट्रेव्हर माझ्याच गावचा, आमच्यापासून दोन आळ्या सोडून. मीही त्याच्यामार्फतच त्या वेअरहाउसात बेल्टच्या मेंटेनन्सला आहे. नऊ वर्षं झाली. गळ्यातला ओळखीचा बिल्ला केशरी म्हणजे एजन्सीचा माणूस आणि निळा म्हणजे कंपनीचा. बिल्ला माझाही केशरीच आहे, पण माझी गोष्ट वेगळी. मी तांत्रिक माणूस. मला वॉशरूमला जाताना कोणी विचारत नाही. बेल्ट बंद पडला तर अडेल, म्हणून मी सहसा जातच नाही.

रविवार, १६ मार्च

लायब्ररीतून दोन पुस्तकं आणली, शिवाय इंटरनेटवर जुन्या फिती पाहिल्या. माझी समजूत होती की पंक म्हणजे खाऊनपिऊन बिघडलेल्या पोरांचं खूळ. समजूत चुकीची निघाली. दुरुस्त करून लिहितो.

इंग्लंड, साधारण १९७६. कारखाने मंदावलेले, शाळा सुटलेल्या पोरांना काम नाही, बेकारभत्त्याच्या रांगा. आणि रेडिओवर मात्र लांबच लांब गाणी, खोलीभर महागडी यंत्रं, गवयांचे चकचकीत झगे. या पोरांकडे ना यंत्र, ना मास्तर. त्यांनी गिटारचे तीन कॉर्ड शिकून घेतले आणि उभी राहिली. अटलांटिकच्या अलीकडे न्यूयॉर्क शहराचंच दिवाळं वाजायला आलेलं, तिथेही हेच. मग इकडे टोरोंटोत आणि व्हँकुव्हरला. रेकॉर्ड आपणच काढायची, पत्रक आपणच छापायचं, हॉल मिळाला नाही तर तळघरात वाजवायचं. कोणाकडे परवानगी मागायला जायचं नाही. फाटलेला कपडा पिनेने जोडायचा, कारण नवा घ्यायची ऐपत नव्हती. पुढे त्याच पिना लावलेले कपडे दुकानात आले, तो भाग निराळा.

एक गोष्ट मला ठाऊकच नव्हती. लंडनच्या साउथॉलमध्ये १९७९ साली वंशद्वेष्ट्यांच्या सभेविरुद्ध आपली देशी माणसं रस्त्यावर आली, आणि त्या काळात गिटारवाली गोरी-काळी पोरंही वंशद्वेषाविरुद्ध गाण्याच्या सभा भरवत होती. म्हणजे हे आपलं नाही, असं म्हणता येत नाही. आमच्या आळीत विहिरीचं पाणी उपसायला टँकर यायचे तेव्हा आई आणि शेजारणी पितळेच्या थाळ्या बडवत आडव्या उभ्या राहायच्या. तिला कोणी पंक म्हटलं नाही.

ब्लांचला हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, “आता तूही केस रंगवणार की काय?”

“उरलेत किती?”

“तेच म्हणते, स्वस्तात होईल.”

मत बदललं आहे. तार मात्र जुळवलीच पाहिजे.

शनिवार, २९ मार्च

मंडळाचा रौप्यमहोत्सव तीन मेला आहे. तिघांना तिथे वाजवायचं आहे. मी म्हणालो, तिथे लग्नातली गाणी आणि पोरींचे नाच असतात, तुमचं तिथे काय?

मेलनी म्हणाली, “ट्रेव्हर अंकल मेन स्पॉन्सर आहे ना? फ्रंट रो. त्याच्यासमोर गायचंय. आणि बाकी हॉलमधले हाफ लोक त्याच्याकडेच काम करतात. देअर इज नो बेटर रूम इन कॅनडा, डॅडी.”

 मग मंडळाचा नियम सांगितला: रंगमंचावर मराठीच. तिला वाटलं मी तिला अडवतोय. मी फक्त नियम सांगितला. ती इंग्रजी गाण्याचा कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाली, “देन ट्रान्सलेट इट.”

संध्याकाळपर्यंत भाषांतर झालं. एकही शब्द सोडलेला नाही. पहिली ओळ: ‘प्रसाधनगृहासाठी निर्धारित कालावधी दोन मिनिटे.’

गुंजनने वाचलं आणि हसू दाबत म्हणाली, “काका, हे तर सातबाराच्या उताऱ्यासारखं वाटतंय.”

“चूक दाखव.”

“चूक कुठंय? चूकच नाहीये, तोच तर प्रॉब्लेम आहे.”

शनिवार, ५ एप्रिल

भाषांतर सुटलं, आणि ते ब्लांचमुळे सुटलं हे मान्य करतो. मी जेवणाच्या टेबलावर ओळी ताल धरून म्हणून बघत होतो. प्रसाधनगृह केव्हाच काढून टाकलं होतं. “वॉशरूमला दोन मिनिटं,” असं म्हणून मी थांबलो. ओट्याशी भाकऱ्या थापणाऱ्या ब्लांचने मागे न वळता उत्तर दिलं, “आमच्यासाठी विनंती कर.”

क्षणभर कोणालाच कळलं नाही. मग मेलनी हसत सुटली, आणि ब्लांचने पिठाच्या हाताने स्वतःच्या तोंडावर मारून घेतलं. “अगं बाई, मला वाटलं लदीन चाललीय.”

गुंजन आणि अनिशला लदीन म्हणजे काय ते सांगावं लागलं. मे महिन्यात संध्याकाळी गावातल्या क्रुसापुढे जमायचं. एकाने एकेका संताचं नाव घ्यायचं, बाकीच्यांनी प्रत्येक नावाला तेच उत्तर द्यायचं. वाद्य नाही, तालीम नाही, पुस्तक नाही. चार वर्षांच्या पोरापासून नव्वदीच्या म्हातारीपर्यंत सगळ्यांना जमतं.

अनिश म्हणाला, “सो, गँग व्होकल्स.”

ते काय असतं विचारलं. पंकमध्ये एक जण ओळ ओरडतो आणि समोरची गर्दी एकदम उत्तर देते. गवई आणि ऐकणारे असे दोन पक्ष ठेवायचे नाहीत, हे त्यामागचं तत्त्व. पुस्तकातही होतं, पण तिथे त्याचा शोध १९७६च्या सुमारास लागल्यासारखं लिहिलंय. आमच्याकडे चारशे वर्षं चालू आहे. दुरुस्ती मनात नोंदवली.

माझी एकच अट: प्रार्थनेचे शब्द गाण्यात वापरायचे नाहीत. उत्तर वेगळं हवं. शेवटी ठरलं ते असं:

वॉशरूमला दोन मिनिटं — आमचं ऐका!
चक्कर आली, बेल्ट चालू — आमचं ऐका!
थंडीत उभे, बस गेली — आमचं ऐका!
पहाटे मेसेज, शिफ्ट कॅन्सल — आमचं ऐका!
केस पिकले, बिल्ला केशरी — आमचं ऐका!

शेवटची ओळ मेलनीच्या मूळ कागदात होती. मी विचारलं, हा कोण केस पिकलेला? ती म्हणाली, “जस्ट सम गाय.” कोण बिचारा असेल.

रविवार, १३ एप्रिल. झावळ्यांचा रविवार

मिस्सेनंतर चर्चच्या पार्किंगमध्ये मेल्विनला गाण्याचा कागद दिला. वर मथळा लिहिला होता: ‘कामगारांची लदीन’. मथळा अचूक आहे. प्रकार लदीनचा, विषय कामगारांचा.

मेल्विनने मथळा वाचला आणि चर्चमध्ये आज वाटलेली हातातली झावळी काखेत मारून माझा हात धरला. “बेसिल, वा! एक मेला योसेफबाबाचा सण, तीनला आपला कार्यक्रम. कामकरी संताची लदीन, आणि तीसुद्धा तरुण मुलांच्या तोंडून! बघ, आपण उगाच म्हणतो हल्लीची पोरं धर्म विसरली.”

“खाली वाच तरी.”

“लदीनमध्ये काय वाचायचं? आईच्या दुधाबरोबर पाठ झालीय.” कागद घडी घालून खिशात, आणि स्वारी सामोसे वाटायला गेली.

मी त्याला वाचायला सांगितलं होतं. हे लिहून ठेवतो, कारण उद्या कोणी म्हणेल, बेसिलने फसवलं.

गुरुवार, १ मे

दुपारच्या सुट्टीत ट्रेव्हर वेअरहाउसच्या आवारात गाडी घेऊन आला. मला आत बसवून हातात डबल-डबल कॉफी दिली. पहिल्यांदाच.

मेल्विनने कार्यक्रमाची छापील पुस्तिका आणि सोबत माझा तो गाण्याचा कागद त्याला कौतुकाने पाठवला होता. ट्रेव्हरने खालपर्यंत वाचलं होतं.

“पोरीने चांगलं लिहिलंय रे,” तो म्हणाला. “तिला काय माहीत, शंभर माणसं सांभाळायची म्हणजे काय असतं. पण राग नाही हां माझा.”

“मग?”

“आता गाणं काढलं तर ही पोरं व्हॉट्सॲपवर बोंब मारतील. गाऊ दे. तू फक्त शब्द कळू देऊ नकोस. तुझ्या बोटांचं काम आहे ते, कोणाला कळणारपण नाही.” मग काचेबाहेर बघत म्हणाला, “आणि तुझ्या परमनंटचं मी कंपनीत बोललोय. जूनमध्ये होऊन जाईल. निळा बिल्ला.”

मी कॉफी संपवून उतरलो.

हे कसं करायचं ते मला नीट माहीत आहे. माणसाच्या बोलण्यातली व्यंजनं दोन ते चार हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात असतात. मिक्सरवर तो पट्टा थोडा खाली ओढायचा, गिटार थोडी वर, वरून जरासा घुमारा. मग ओरडणं ऐकू येतं, अर्थ येत नाही. लोक म्हणतात, हल्लीच्या गाण्यांत काय कळतच नाही बुवा, आणि सामोशांकडे वळतात. मेलनीलाही कळणार नाही. स्टेजवर तिला वेगळा स्पीकर असतो, त्यातलं तिला स्वच्छ ऐकू येईल.

परमनंट झालो तर कंपनीच्या विम्यात दातांचं होईल. ब्लांचच्या गुडघ्याचं होईल. नऊ वर्षं मी याच शब्दाची वाट पाहिली, असं आज गाडीतून उतरताना लक्षात आलं. एरवी मी कोणत्याच शब्दाची वाट पाहत नाही.

काय करायचं ते ठरलेलं नाही. ब्लांचला सांगितलेलं नाही.

रविवार, ४ मे

काल जे झालं ते क्रमाने लिहितो.

दुपारी हॉलमध्ये साउंड चेक. हॉल रिकामा, फक्त खुर्च्या. बँड वाजवू लागला आणि मी तो पट्टा खाली ओढला. करणारच होतो असं नाही. करून पाहिलं. शब्द खरोखरच गेले. भिजलेल्या वर्तमानपत्रावरच्या छपाईसारखे.

मेलनीने स्टेजवरून अंगठा वर केला. “साउंड्स ग्रेट, डॅडी! थँक यू!”

मला भयंकर राग आला. माझी मुलगी, माझ्या घरात वाढलेली, आणि कानाला इतकी कच्ची? मी वैतागून पट्टा होता तिथे आणला, आणि मग जरा वर. माझा निर्णय निव्वळ तांत्रिक होता. माझ्या हातून गढूळ आवाज बाहेर जाणार नाही, मग समोर कोणीही गात असो.

कार्यक्रम. हॉल भरलेला. लुगडी नेसलेल्या मुलींचा नाच झाला, मेल्विनचं भाषण झालं, ट्रेव्हरला शाल झाली. मग हे तिघं. अनिशने काठ्या आपटल्या, गिटार सुरू झाली (तार जुळलेली होती) आणि पुढच्या दोन रांगांनी कान झाकले. मेलनी ओरडली, “वॉशरूमला दोन मिनिटं!”

तिघांनीच उत्तर दिलं.

दुसऱ्या ओळीलाही तेच. मला वाटलं, गेलं.

तिसरी ओळ झाली, “थंडीत उभे, बस गेली!” आणि मधल्या रांगेतून नातालबायने, वय ऐंशीच्या पुढे, डोळे मिटलेले, हातात रुमाल, गावातल्या क्रुसापुढे म्हणावं तशा सुरात उत्तर दिलं: “आमचं ऐका.”

तिच्या शेजारच्या दोघींनी चौथ्या ओळीला दिलं. मग त्यांच्या मागच्या रांगेने. हे थांबवणं कोणाच्या हातात नव्हतं. आमच्या लोकांपुढे कोणी त्या तालात ओळ म्हणून थांबलं की तोंडं आपोआप उघडतात. दुसऱ्या फेरीत सगळा हॉल होता. गिटार ऐकू येईना. एव्हाना आपण काय म्हणतोय ते माणसांना कळायला लागलं होतं, आणि कळल्यावर आवाज कमी होण्याऐवजी वाढला. वेअरहाउसातले सहासात जण तर उभे राहिले. पहिल्या रांगेत शाल पांघरून बसलेल्या ट्रेव्हरचेही ओठ हलले. मी पाहिलं. एकदाच, सवयीने. मग त्याने ते घट्ट मिटले आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मेल्विन धावत माझ्या टेबलाशी आला. “बेसिल, कमी कर! बंद कर!”

“यंत्राला हात लावू नकोस. अर्थिंग कच्चं आहे, झटका बसेल.”

“खरंच?”

“लावून बघ.”

त्याने नाही लावला. माझं अर्थिंग उत्तम आहे.

गाणं चार मिनिटं चाललं. शेवटी मेलनीकडे ओळी उरल्या नव्हत्या तरी लोक थांबत नव्हते.

सोमवार, ५ मे

सकाळी फोन पाहिला. “युअर शिफ्ट हॅज बीन कॅन्सल्ड.” या आठवड्याच्या सगळ्या.

मेलनीने मेसेज वाचला आणि रडायला लागली. “आय डिड धिस.”

मी सांगितलं, “तू फक्त गायलीस. आवाज मी लावला होता.”

ब्लांचला तेव्हा ट्रेव्हरच्या कॉफीची गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतलं. नंतर म्हणाली, “आणि तू दोन दिवस एकटाच विचार करत बसला होतास?” तिने भांडी जरा जोरात घासली.

गुरुवार, ८ मे

मंडळाने ध्वनियंत्रणेच्या कपाटाची चावी परत मागितली. मेल्विन स्वतः आला, दारातच उभा राहिला. “पवित्र प्रकाराची थट्टा केली, असं कमिटीचं म्हणणं आहे.”

“प्रार्थनेचा एक तरी शब्द होता का त्यात?”

“नव्हता.”

“नातालबायला थट्टा वाटली का?”

“ती फोन करून विचारत होती, पुन्हा केव्हा आहे म्हणून,” मेल्विन जमिनीकडे बघत म्हणाला.

चावी दिली. मिक्सर मात्र माझा स्वतःचा आहे, भंगारातून आणून मी उभा केलेला. तो गॅरेजात आणला. मेल्विननेच दुसऱ्या बाजूने उचलायला हात लावला. जाताना म्हणाला, “माझा भाऊपण केशरीवालाच आहे. पण मी अध्यक्ष पडलो ना रे.”

शनिवार, १० मे

आज गॅरेजात बसायला जागा नव्हती. पाणी न पिणाऱ्या त्या गुजराती बाई आल्या. दोन पंजाबी ड्रायव्हर आले. हॉलमध्ये उभे राहिलेले आमचे काही आले. प्रत्येकाकडे स्वतःची एक ओळ. गुजराती बाई हिंदीत म्हणाल्या, “भैया, मेरी लाइन में पानी आना चाहिए.” मी ती तालात बसवून दिली.

अडचण अशी की गाणं आता नऊ मिनिटांचं झालं आहे. पंकचं गाणं आटोपशीर हवं, पुस्तकात स्वच्छ लिहिलंय. लांबच लांब गाण्यांना कंटाळूनच तर ही मंडळी उठली होती. मी ओळी कमी करायला बसलो आणि एकही काढता आली नाही.

मेलनी म्हणाली, “डॅडी, तुझी लाइन?”

“मी तंत्रज्ञ आहे. मला ओळ नसते.”

“तुझी आहेच ऑलरेडी,” असं म्हणून ती केबल गुंडाळायला लागली, आणि उलट्या पिळाने गुंडाळत होती म्हणून मला तिकडे जावं लागलं.

ठरलं: पुढच्या शनिवारी सकाळी, ट्रेव्हरच्या ऑफिससमोरच्या फुटपाथवर. त्या दिवशी तो नव्या भरतीसाठी माणसं बोलावतो, रांग बाहेरपर्यंत येते.

शनिवार, १७ मे

गाडीच्या बॅटरीवर चालणारा स्पीकर लावला. समोर रांग: पोरं, बाया, पाठीवर बॅगा, काही जण कालपरवाच विमानातून उतरल्यासारखे. ट्रेव्हर काचेमागे.

दुसऱ्याच ओळीला सिटीचा अधिकारी आला. तरुण होता, सभ्य होता. तक्रार आली आहे म्हणाला; फुटपाथवर उभे राहा, पण लाउडस्पीकर परवानगीशिवाय चालणार नाही. “हू इज इन चार्ज हिअर?”

तिघं एकमेकांकडे पाहू लागले. मी म्हणालो, “आय ॲम.”

मी त्याच्याकडून नियम पुन्हा वदवून घेतला. मनाई विजेने मोठ्या केलेल्या आवाजाला? हो. नुसत्या गळ्याला? त्याने खांदे उडवले. “जस्ट योर व्हॉइस? आय कान्ट स्टॉप यू टॉकिंग, सर.”

तेव्हा प्लग मीच काढला. स्पीकर बंद, गिटार बंद, बेस बंद. अनिशकडे फक्त काठ्या. मेलनीचा आवाज ट्रकांच्या आवाजात बुडून जात होता. ती दोनदा ओरडली, रांगेतल्या कोणालाच काही ऐकू गेलं नाही. ट्रेव्हर काचेआड हसला की नाही, ते तिथून कळत नव्हतं. काचेवर ऊन होतं.

आजपर्यंत मी माइकपुढे एवढंच बोललेलो आहे: “हॅलो, चेक, वन टू.” पण मोकळ्या जागेत आवाज कसा फेकायचा ते मला माहीत आहे, भिंतीकडे तोंड करायचं, म्हणजे भिंत तो परत देते. मी ऑफिसच्या काचेकडे तोंड केलं.

“केस पिकले, बिल्ला केशरी!”

मागून ब्लांचचं उत्तर सगळ्यात आधी आलं. मग मेलनीचं, गुंजनचं, ड्रायव्हरांचं. पुढची ओळ, त्यापुढची. पाण्याची ओळ मी हिंदीत म्हटली तेव्हा रांगेत खुसखुस झाली आणि रांगेतूनच कोणीतरी उत्तर दिलं. त्यांना शब्द माहीत नव्हते, लदीन माहीत नव्हती. पण एक माणूस थांबला की बाकीच्यांनी बोलायचं असतं, एवढं कळायला काही लागत नाही. नऊच्या नऊ मिनिटं झालं, आणि मग पहिल्यापासून पुन्हा. रांगेतल्या काही जणांनी बॅगा उचलल्या आणि ते आमच्या बाजूला येऊन उभे राहिले. सगळे नाही. काही जण आत गेले. त्यांना काम हवंच होतं, त्यांच्यावर माझा राग नाही.

अधिकारी बराच वेळ थांबला होता. वहीत त्याने काही लिहिलं नाही.

रविवार, १८ मे

घसा पूर्ण बसला आहे. मिस्सेत एकही उत्तर देता आलं नाही. ब्लांचने हळदीचं दूध दिलं आणि सांगितलं, दोन दिवस तोंड उघडायचं नाही. लग्नानंतर अशी संधी पहिल्यांदाच आलीय म्हणे.

शेजारच्या दुसऱ्या एजन्सीसमोर पुढच्या शनिवारी या, असा निरोप पंजाबी ड्रायव्हरांनी दिला आहे. तिथल्या ओळी पंजाबीत लागतील. मला पंजाबी येत नाही. लायब्ररी सोमवारी व्हिक्टोरिया डेची बंद, मंगळवारी उघडेल.

ट्रेव्हरचे सकाळपासून तीन फोन आले. शेवटी त्याने निरोप ठेवला, तो मेलनीने मोठ्याने लावला. “बेसिल, गाववाल्यात असं नको रे. परमनंटचा कागद तयार आहे. पोरीला समजाव, आणि ये, बसून बोलू.” मेलनी माझ्याकडे बघत होती. मी कागदावर लिहून दाखवलं: रेकॉर्डिंग फार वाईट आहे, फोन तोंडाच्या जास्त जवळ धरतो.

तो आत्ता पुन्हा फोन करतोय. आवाज नाही, म्हणून उचलत नाही. मंगळवारपर्यंत आवाज येईल. तेव्हाही उचलणार नाही.